शेवटची सोळा पानं

काम म्हटलं तर अगदी साधं होतं. एक पुस्तक पोचतं करायचं. टपालाने पाठवलं असतं तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण खारूच्या आईने एकदा मनात घेतलं की घेतलं, मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.

खारूची आई एका ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकं बांधायची. उसवलेली, कान दुमडलेली, चहा सांडलेली पुस्तकं तिच्या टेबलावर यायची आणि पंधरा दिवसांनी ताठ मानेने कपाटात परत जायची. वरच्या मजल्यावरची मंडळी तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायची. तिला ते आवडायचं, पण तोंडावर दाखवायची नाही.

एके दिवशी पार्सल आलं. पाठवणारी होती लेखिकाबाईंच्या घराची राखणदार. लेखिकाबाई म्हणजे ज्यांच्या गोष्टी ऐकत घराघरातली पोरं झोपी जातात, त्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तळ्याकाठचं त्यांचं घर आता लोकांना बघायला खुलं होतं. पार्सलमध्ये त्यांचं सगळ्यात लाडकं पुस्तक होतं, लपंडावाचं. घरातली मूळ प्रत. सोबत चिठ्ठी होती: ‘रोज वाचून पानं सुटली आहेत. बांधून द्यावी. एकही पान गहाळ होऊ देऊ नये.’ शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

“गहाळ!” खारूची आई फणकारली. “माझ्या हातून आजवर पान गहाळ झालंय का?”

असं म्हणाली खरी, आणि लगेच जीभ चावली. कारण एकदा झालं होतं. गहाळ नव्हे, तिने मुद्दाम काढलं होतं. एक पान नाही, सोळा.

त्याचं असं झालं, की खारू चार वर्षांची असताना आईने तिला हेच पुस्तक वाचून दाखवलं होतं. गोष्टीत एक मुलगी लपते आणि राज्य असतं तिच्या भावावर. शेवटी दिवस कलतो, तरी ती सापडत नाही, आणि भाऊ अंधारत चाललेल्या घरात एकेक दार उघडत तिला हाका मारत फिरतो. वाचणाऱ्या मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी यावं असं प्रकरण. पण खारूने ते ऐकलं आणि महिनाभर घरात कुणाला झोपू दिलं नाही. दार वाजलं की किंचाळायची. शेवटी एका रविवारी आईने सुरी घेतली, शिवण उसवली आणि शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, अलगद काढून टाकली. निळं कापड लावून पुस्तक परत बांधलं. असं बांधलं, की तिला स्वतःलाही जोड सापडला नसता. काढलेली पानं दोऱ्याच्या डब्यात गेली.

नशिबाने आधीचं पान अगदी पुऱ्या वाक्यावर संपत होतं: ‘ती अशी लपली, अशी लपली, की कुणालाच सापडली नाही.’

झालं! खारूच्या लेखी गोष्ट तिथेच संपायची. मुलगी जिंकली. त्या ओळीवर खारू दोन टाळ्या वाजवायची आणि ओरडायची, “जिंकली!” चार वर्षं हे असंच चाललं होतं.

आता लेखिकाबाईंच्या घरची प्रत बांधताना आईने त्याच निळ्या कापडाचा उरलेला तुकडा वापरला. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तर जुळ्या बहिणी वाटाव्यात. तिला कौतुक वाटलं. “आपण स्वतः जाऊन देऊ,” ती नवऱ्याला म्हणाली. “तळ्याकाठी तंबू ठोकू, दोन दिवस राहू. खारूला लेखिकाबाईंचं घर बघायचंच आहे.”

खारूचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. जगात दोरी आणि पाना यांनी सुटत नाही असा प्रश्न नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी तंबूसाठी इतक्या दोऱ्या घेतल्या की खारू म्हणाली, “बाबा, आपण तंबू बांधणार की तळं?”

शनिवारी दुपारी तळ्याच्या काठावर तंबू उभा राहिला. खारू पोटावर पडून वाचत होती. तिने आपलं पुस्तकही आणलं होतं, आणि आईच्या पिशवीतलं नवं बांधलेलं पुस्तकही खळीचा वास घ्यायला म्हणून बाहेर काढलं होतं. घर सहाला बंद व्हायचं आणि पाच तर तंबूतच वाजले. आईने घाईघाईत हाताला लागलं ते निळं पुस्तक पिशवीत टाकलं. उघडून पाहिलं नाही. हातातलं पुस्तक न उघडता पुढे केलं, असं तिच्या आयुष्यात तेवढं एकदाच झालं.

घर टेकाडावर होतं. गाडीने दहा मिनिटं. दुमजली, लाकडी जिन्याचं, पुढे ओसरी. दार उघडलं ते एका ठेंगण्या, चष्मेवाल्या बाईंनी. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा, की चालल्या की घुंगरू वाजल्यासारखं व्हायचं. खारूने त्यांचं नाव लगेच ठेवलं, चावीवाल्या बाई.

“आलात! फार बरं झालं,” त्या म्हणाल्या. “मधल्या काळात शाळेतली एक प्रत आणून भागवत होते. ती कालच परत मागून नेली. आजचं वाचन कसं करायचं, या काळजीत होते बघा.”

“कसलं वाचन?”

“सांगते नंतर. आधी घर तर बघा.”

घर छान होतं. उगाच कशाला नावं ठेवा? लेखिकाबाईंचं टेबल, त्यांचा चष्मा, शाईचे डाग पडलेला टीपकागद, सगळं जिथल्या तिथे. पण जिना चढताना आईला एक वास आला आणि ती थबकली. जुन्या लाकडाचा नव्हे, डांबरगोळ्यांचाही नव्हे. खेळून धावत आलेल्या मुलाच्या घामेजल्या केसांचा वास. तिने खारूच्या डोक्याला नाक लावून पाहिलं. खारूने दुपारी तळ्यात डुबकी मारली होती. तिच्या केसांना शेवाळाचा वास येत होता.

वरच्या भिंतीवर एक फोटो होता. दोन मुली, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर. पुढच्या फोटोत मोठी एकटीच. त्याच्या पुढच्यातही.

“ही लहान कोण?” आईने विचारलं.

चावीवाल्या बाईंनी चाव्या मुठीत घट्ट धरल्या. वाजू नयेत म्हणून असावं. “धाकटी बहीण. लहानपणीच गेली म्हणतात. गेली म्हणजे... सापडलीच नाही. लपंडाव खेळत होत्या. राज्य लेखिकाबाईंवर होतं. शोधून शोधून त्यांना कंटाळा आला आणि त्या जाऊन जेवायला बसल्या. नऊ वर्षांच्या होत्या हो, त्यांना काय कळणार!”

“मग?”

“मग काही नाही. गावाने तळं धुंडाळलं, विहीर उपसली. पुढे मोठेपणी लेखिकाबाईंनी हे पुस्तक लिहिलं. त्यात भाऊ थांबत नाही, शोधतोच.” बाई जरा घुटमळल्या. “त्या रोज संध्याकाळी शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचायच्या. त्यांच्यानंतर जुना राखणदार वाचायचा. मी येऊन चारच महिने झालेत. तो जाताना नियमांचा कागद देऊन गेला. सातवा नियम, दाराला कडी घालून शेवटचं प्रकरण वाचावं. पुरतं वाचावं. मी म्हटलं, असेल एखादी श्रद्धा. आपलं काय जातं!”

सहा वाजताच बाईंनी पुढच्या दाराला आतून कडी घातली. मागच्या दाराला कायमचं कुलूप होतं. ओसरीला लागून एक मोठी खोली होती, तिच्या मधोमध लाकडी खांब. खांबाला एका जागी, लहान मुलाचं कपाळ टेकेल इतक्या उंचीवर, लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. लपंडावातला भोज्या, राज्य असलेल्याने डोळे मिटून आकडे मोजायची जागा. खारूने लगेच तिथे कपाळ टेकवून पाहिलं. तिला ते नेमकं बसलं.

चावीवाल्या बाईंनी आईने दिलेलं निळं पुस्तक उघडलं. त्या सरकारी पत्रक वाचावं तशा वाचत होत्या, पण गोष्ट गोष्टच होती. बाबाही हाताची घडी घालून ऐकत राहिले. खारू स्टुलावर बसून पाय हलवत होती. बाहेर उन्हं तळ्याच्या पलीकडे गेली.

“... ती अशी लपली, अशी लपली, की कुणालाच सापडली नाही.”

बाईंनी पान उलटलं. पुढे कोरं अस्तरपान होतं.

खारूने सवयीने दोन टाळ्या वाजवल्या. “जिंकली!”

आणि वरच्या मजल्यावरून दोन टाळ्या आल्या.

“वा! काय घुमतं घर!” बाबा म्हणाले.

पण घर घुमलं असतं तर लगेच घुमलं असतं. या टाळ्या जरा थांबून आल्या होत्या, कुणीतरी ऐकून मग वाजवाव्यात तशा.

“बाई,” चावीवाल्या बाई पुस्तक चाळत म्हणाल्या, “पुढची पानं कुठायत?”

आईने पुस्तक ओढून घेतलं. मलपृष्ठाच्या आतल्या कोपऱ्यात खारूने पेन्सिलीने काढलेली खार होती. “हे... हे खारूचं आहे. तुमचं तंबूत राहिलं. खारू, तू दोन्ही पुस्तकं...”

ती वळली. स्टूल रिकामं होतं.

पहिली पाच मिनिटं हसण्यातच गेली. “लपली असेल गधडी,” बाबा म्हणाले. “खारू, चल, बाहेर ये, उशीर होतोय.” नंतरची दहा मिनिटं कुणी हसलं नाही. बाबांनी गाडीतून बॅटरी आणली आणि माणूस बंद लिफ्ट तपासतो तसं घर तपासलं. कपाटं, पलंगाखालची जागा, माळा, जिन्याखालचा कोनाडा. भिंतीसुद्धा ठोकून पाहिल्या. खिडक्यांना गज होते आणि मघाशी पुढच्या दाराची कडी घातलेलीच होती. मूल घरातच असणार, यात वाद नव्हता. आणि घरात मूल नव्हतं.

बाबा खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “फोनला रेंज नाही. मी खाली जाऊन माणसं आणतो. पोलिस आणतो.”

“आणा,” आई म्हणाली. “पण वाटेत तंबूत थांबा. दुसरं निळं पुस्तक आधी घ्या.”

“अगं, पोर सापडत नाहीये आणि तुला पुस्तक सुचतंय?”

“अहो, वाद घालू नका. पुस्तक आणा.” तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बाबांनी ऐकलं नसतं. बायकोचा हा शांत आवाज त्यांनी लग्नानंतर दोनदाच ऐकला होता, आणि दोन्ही वेळा तिचंच खरं झालं होतं. ते निघाले. चावीवाल्या बाईंनी त्यांच्यामागे कडी घातली.

“ते परत येईपर्यंत थांबायचं?” बाईंनी विचारलं. त्यांच्या हातातल्या चाव्या आता आपोआप वाजत होत्या.

“थांबायचं कशाला? शोधणारा थांबला, म्हणून तर हे सगळं झालंय,” आई म्हणाली. “आणि मी तर शोधणाऱ्यालाच पुस्तकातून कापून काढलं. चार वर्षं माझ्या घरात ती पोर लपलेलीच राहिली आणि माझी लेक टाळ्या वाजवत राहिली. मी मूर्ख, मी! बाई, दिवा घ्या. मला ते प्रकरण येतं.”

येत होतं खरं. ग्रंथालयातल्या ह्या पुस्तकाच्या किती प्रती तिने शिवल्या होत्या, त्याचा हिशेबच नाही, आणि प्रत्येक प्रतीत शेवटचा फर्माच सगळ्यात आधी सुटायचा. सुईबरोबर ओळी डोळ्यांखालून गेलेल्या होत्या. भाऊ सात दारं उघडतो. प्रत्येक दारावर दोनदा टकटक करतो, तेच शब्द बोलतो, दहा मोजतो आणि मगच उघडतो.

गोष्टीतलं घर म्हणजे हेच घर. पहिलं दार स्वयंपाकघराचं. तिने टकटक केली. “राज्य माझ्यावर आहे. मी थांबले नाही.” दहा मोजले आणि दार ढकललं. “इथे चूल आहे, पातेली आहेत, पाण्याचा हंडा आहे. तू नाहीस.”

दुसरं कोठीचं. तिसरं न्हाणीघराचं. चौथं जिन्याखालचं. प्रत्येक दारामागे अंधार दाट होत गेला आणि तो वास वाढत गेला, घामेजल्या केसांचा. चावीवाल्या बाई मागून दिवा धरून येत होत्या. त्या हटल्या नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

वर गेल्यावर पाचवं दार लेखिकाबाईंच्या खोलीचं. “इथे टेबल आहे, दौत आहे, खिडकी आहे. तू नाहीस.” आत टेबलामागे काहीतरी सरकल्यासारखं झालं. तिने पाहिलं नाही. भावानेही पाहिलं नव्हतं.

सहाव्या दारावर ती अडली.

गोष्टीत ही खोली कशी होती? आता तिथे काचेची कपाटं होती, बक्षिसं होती, बघ्यांना अडवायला दोरखंड होता. जुन्या खोलीतलं काही उरलंच नव्हतं. तिने टकटक केली, शब्द म्हटले, दहा मोजले, दार उघडलं. “इथे...” तिने चौकट धरली. “इथे... इथे काय होतं? देवा, काय होतं इथे...”

आतल्या अंधारातून कुणीतरी हळूच सांगितलं, “पाळणा होता.”

चावीवाल्या बाईंनी तोंडावर हात दाबला.

“पाळणा होता,” तो आवाज पुन्हा म्हणाला. गल्लीतल्या मैत्रिणीला उत्तर सांगावं तसा, जरा अधीर. “शिवणाचं यंत्र होतं. आणि... आजारी माणसाची आरामखुर्ची.”

आवाज मुलीचा होता. खारूचा नव्हता. आणि खारूने हे प्रकरण चार वर्षांची असताना ऐकलं होतं, त्यातलं तिला ओळीने आठवणं शक्यच नव्हतं. आईच्या मनात आलं, आत झेप घ्यावी, हाताला लागेल त्याला धरून ओढावं, विचारावं की माझी पोर कुठाय. तिने चौकटीला नखं रुतवली आणि स्वतःला आवरलं. गोष्टीत जे होतं तेच करायचं. एक अक्षर कापायचं नाही. कापण्याचं फळ तिने पाहिलं होतं.

“इथे पाळणा आहे,” ती अंधाराकडे बघत म्हणाली, “शिवणाचं यंत्र आहे, आरामखुर्ची आहे.” आणि जे बोलायचं होतं ते बोलायला तिला फार जोर लावावा लागला. “तू... नाहीस.”

आतून खुदकन हसू आलं.

सातवं दार माळ्याचं. तिथे नुसता वारा होता.

मग ती खाली आली. भाऊही असाच खाली येतो, हरलेला, हात रिकामे. तो खांबाला कपाळ टेकतो आणि पाठ करून उभा राहतो. जोवर ‘धप्पा’ असा शब्द कानी पडत नाही तोवर वळायचं नसतं. लपलेला राज्य असलेल्याच्या हाती न लागता मागून येतो आणि त्याच्या पाठीवर थाप मारतो, तोच धप्पा. हे कुठल्याही पोराला ठाऊक असतं. आईने गुडघे टेकले, कारण ती झिजलेली जागा खाली होती. कपाळ टेकलं, डोळे मिटले.

“मी सगळी दारं उघडली,” ती म्हणाली. शब्द पुस्तकातले होते, पण आता ते तिचेच झाले होते. “मी जेवायला गेले नाही. मी कंटाळले नाही. मी इथेच आहे. तू जिंकलीस. आता ये.”

काही झालं नाही. घड्याळ वाजत राहिलं. चावीवाल्या बाईंचा श्वास ऐकू येत होता.

मग जिन्यावर पावलं वाजली. अनवाणी, भराभर. दोन पावलांची नव्हती ती, चार पावलांची होती. ती खाली आली, खोलीत आली, तिच्या मागे येऊन थांबली. तो वास आला आणि त्यात शेवाळाचाही वास मिसळलेला होता.

“धप्पा!”

खारूचा आवाज. खारूचा ऊबदार हात खांद्यांच्या मधोमध. आईच्या घशातून हुंदका फुटला, तरी ती वळली नाही. कारण पावलं चार होती.

वेळ गेला. मग पाठीवर, बरंच खाली, कमरेच्या जरा वर, दुसरा हात टेकला. लहान. पाण्यात फार वेळ राहिलेल्या हातासारखा गार. आणि अगदी हळू, कितीतरी दिवसांत हा शब्द उच्चारलाच नसावा तसं...

“धप्पा.”

आई वळली. तिथे एकटी खारू उभी होती. केसांत जाळी, गाल लाल.

“किती वेळ लावलास गं आई!” ती म्हणाली. “आमचे पाय दुखले.”

आईने तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. तेवढ्यात दार धडाधडा वाजलं. बाबा धापा टाकत आले होते, बगलेत निळं पुस्तक. माणसं मागून येत होती. त्यांनी लेकीला पाहिलं आणि हा दोरी-पान्यावाला माणूस तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागला.

“चला, निघू,” ते म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

“नाही,” आई म्हणाली. तिने पुस्तक चावीवाल्या बाईंच्या हातात दिलं. “आधी वाचा. अर्धवट राहिलंय तिथून, शेवटच्या शब्दापर्यंत. आम्ही ऐकतो.” आणि सोळाच्या सोळा पानं वाचून होईतो ती कुणालाही जागचं हलू देईना. जमलेली माणसंही टोप्या हातात घेऊन उभी राहिली.

तंबू गुंडाळून गाडीत टाकेपर्यंत चांगलीच रात्र झाली. खारू पुढच्या सीटवर बाबांच्या मांडीवर पेंगत होती. “आई,” ती अर्धवट झोपेत म्हणाली, “तुला दोन धप्पे बसले. म्हणजे राज्य परत तुझ्यावरच.”

“हो गं माझे बाई. झोप आता.”

आई गाडीबाहेर उभी होती. दिवसभराचा शीण एकदम अंगावर आला. तिने गाडीच्या दाराला कपाळ टेकवलं आणि क्षणभर डोळे मिटले. मिटले मात्र, तिच्या मागून लहान पावलं हसत पळाली आणि गाडीच्या मागच्या दाराशी थांबली. तिने डोळे उघडले. खारू बाबांच्या मांडीवर गाढ झोपली होती. तिचे बूट आईच्याच हातात होते. मागचं दार बोटभर उघडं होतं.

आईने ते दार पाहिलं. घडीभर विचार केला. मग ते नीट लावून घेतलं आणि गाडी चालवायला पुढे बसली.

घरी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते दोऱ्याचा डबा काढायचं. सोळा पानं होती तिथेच होती. तिने ती खारूच्या पुस्तकात परत शिवली, दुहेरी दोऱ्याने. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचते. खारूला आता भीती वाटत नाही, उलट कंटाळा येतो. बाबा काही विचारत नाहीत. फक्त कपाटांच्या कड्या त्यांनी स्वतःहून काढून टाकल्या.

वर्षभराने चावीवाल्या बाईंचं पत्र आलं. ‘तुम्ही गेल्यापासून घर नुसतं घर झालंय. जिन्यात तो वास येत नाही. मी रोज नियमाने वाचते, पण कुणी ऐकत नाही असं वाटतं. तुमच्याकडे सगळं बरं आहे ना?’

आईने उत्तर लिहिलं, ‘सगळं बरं आहे. काळजी नसावी.’ पाकीट चिकटवलं. संध्याकाळ झाली होती. बाबा कामावर होते, खारू मैत्रिणीकडे. आईने प्रकरण वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत, मग स्वयंपाकघराच्या चौकटीला कपाळ टेकून डोळे मिटले आणि दहापर्यंत मोजलं.

पाठीवर हात टेकला.

ती दचकली नाही. रोजचंच होतं. पण आज तिच्या काहीतरी लक्षात आलं आणि डोळे मिटलेलेच ठेवून तिने आपला हात मागे नेऊन ती जागा चाचपली. गेल्या वर्षी हा हात कमरेच्या जरा वर टेकायचा. आज तो चार बोटं वर टेकला होता.

“मोठी झालीस गं,” ती म्हणाली, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.